ढोल न वाजलेले घर

सकाळचा उजेड त्या खोलीत एकदम शिरत नसे. आधी खिडकीच्या गजांमधला काळोख थोडा सैल होई. मग वाडीतल्या केळीच्या पानांआडून एक फिकट, जास्त पाणी घातलेल्या दुधासारखा उजेड समोरच्या भिंतीवर चढे आणि पुढे काय करावे ते न सुचल्यासारखा तिथेच कितीतरी वेळ उभा राही. वाऱ्याने पान हलले की तो भिंतीवर फाटे. पान स्थिरावले की पुन्हा सांधला जाई. भिंतीवरच्या क्रुसाची सावली आधी लांब आणि तिरकी पडे, मग हळूहळू आखूड होत क्रुसाच्या अंगाला चिकटे. बऱ्याच वेळाने तो उजेड खाली उतरे. औषधांच्या फळीवर, काचेच्या पेल्यावर. पेल्यातल्या पाण्यातून गाळून निघून कोब्यावर एक थरथरता चट्टा टाकी. आणि सगळ्यात शेवटी पलंगाशी उभ्या केलेल्या ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरपाशी येऊन त्याच्या पांढऱ्या खांद्यांवर टेके. तोवर विहिरीवरचा पंप सुरू झालेला असे आणि भिजल्या मातीचा गार वास आत येऊ लागलेला असे. या उजेडात विशेष असे काहीही नव्हते. फर्डिनंडला तो आवडे तो त्यामुळेच. घरात येणाऱ्या सगळ्यांत तो एकटाच असा होता, जो त्याला बरे करायला येत नव्हता.

बाकीचे त्याचसाठी येत. येताना केळी आणत. गास गावात, जिथे प्रत्येकाच्या मागच्या दारी केळीची वाडी, तिथे आजाऱ्याला पाहायला येणारा माणूस केळी घेऊन येई आणि ती टेबलावर ठेवताना काही दुर्मीळ वस्तू आणल्यासारखा चेहरा करी. मग खुर्चीच्या कडेवर बसे, मान एका बाजूला कलती करी, आवाज खाली आणी आणि निघताना म्हणे, "देव मोठा आहे." देवाच्या आकारमानाविषयी फर्डिनंडने कधीच शंका घेतली नव्हती. त्याला फक्त खोकला यायचा, आणि पाहुण्याला वाटायचे की आपल्या शब्दांनी त्याला भरून आले.

तो जवळच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होता. काचेच्या नळ्या धुणे, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवणे, मुलांनी फोडलेल्या वस्तूंचे तुकडे गोळा करणे, एवढ्यात त्याची उमर गेली होती. मुले त्याला सर म्हणत, शिक्षक नुसते फर्डिनंड म्हणत. आणि दोघांविषयीही त्याला आतून सारखेच हसू येई. बोलणे त्याला कधी जमले नाही. तुच्छता जमली, कारण ती गप्प बसूनही करता येते.

पावसाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी त्याच्या छातीची फिल्म दिव्यासमोर धरली होती आणि शांतपणे सांगितले होते की फुप्फुसे आकसत चालली आहेत. जेवढी आकसली तेवढी परत उघडत नाहीत. आणि हे थांबवणारे औषध नाही. फर्डिनंड बाहेर आला. त्याची बायको एमिली बाहेर होती, पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत होती.

"काय म्हणाले?"

"दमा आहे. जुनाट. थंडी सरली की उतरेल."

"बरं," एमिली म्हणाली आणि झाकण पुन्हा लावले.

त्या 'बरं'ची त्याला तेव्हा कीव आली होती. इतके सोपे होते तिला फसवणे. पुढे सिलिंडर घरात आला, जिना चढणे सुटले, मग शाळा सुटली. तरी दमा हा दमाच राहिला. मुख्याध्यापकांना त्याने जानेवारीत रुजू होतो असे कळवले. एमिली रोज चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला जाई, आल्यावर देवापुढे मेणबत्ती लावी, आणि त्याला वाटे, हिला काय ठाऊक! ज्यांना काही ठाऊक नसते त्यांना आशा करणे परवडते. आशा म्हणजे अज्ञानाचेच एक सोज्वळ नाव, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते, आणि ते वाक्य त्याला आवडलेही होते.

तो नाताळच्या आधीचा रविवार होता. एमिली मिस्सेहून आली, पांढरी साडी बदलून करंज्यांचे पीठ मळायला बसली आणि हाताने मळता मळताच तिने आतून सांगितले,

"आज पाळणा आपल्या आळीत फिरणार आहे."

"मग?"

"काही नाही. सांगितलं."

"आग्नेलला निरोप दिलास ना?"

"गेल्या रविवारीच दिला. गाणी नकोत, यांना त्रास होतो म्हटलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. मान हलवली."

"तेवढंच येतं त्याला. ढोल वाजवतानासुद्धा हातापेक्षा मान जास्त हलते."

एमिली हसली नाही. परातीवर पिठाचा गोळा आपटल्याचा आवाज तेवढा आला.

दर वर्षी नाताळच्या आधी गावातली गाणारी मंडळी प्लास्टरचा बाळ येशू गवत घातलेल्या लहानशा पाळण्यात ठेवून घरोघर नेत. पडवीत ढोल वाजे, गिटार वाजे, एक गाणे होई. घरातला कर्ता माणूस बाळाला हातात घेऊन त्याचे चुंबन घेई आणि मग ते घरात सगळ्यांच्या हातांतून फिरे. त्यानंतर करंज्या, आणि पुढचे घर. लग्नाआधी फर्डिनंडही या फेरीत असे. सगळ्यांच्या मागे, नुसते ओठ हलवत. आता त्याला त्या सगळ्या प्रकाराची किळस येत होती. तीच गाणी, तोच बेसूर, दारादारावर नव्यानेच आलेले ते चिनी दिवे, जे लुकलुकता लुकलुकता एकच सूर किरकिरत राहतात. आणि या सगळ्याच्या मधोमध रंग उडालेली एक बाहुली, जिला मोठी माणसे डोळे मिटून ओठ लावतात.

दहाच्या सुमारास शेजारची रिटामावशी आली. तिच्या हातात केळी नव्हती, हे बघून फर्डिनंडला क्षणभर बरे वाटले. पण तिने पदराआडून एक बाटली काढली.

"हे तेल घे. आशीर्वाद दिलेलं आहे. माझी भाची तपसाधनेला गेली होती केरळात, तिनं आणलं. रात्री छातीला चोळ. नालासोपाऱ्याच्या एका बाईचं गळू यानं विरघळलं."

"मावशी, बाटलीवर आवळा लिहिलंय."

"बाटली माझी. तेल देवाचं."

"मग देवाला आवळ्याचा वास येतो."

"जीभ बरी आहे ना तुझी अजून? बस झालं. बाकीचं तो बघेल." रिटामावशीने बाटली फळीवर ठेवली. "आणि दम्याचं काय एवढं? माझ्या सासऱ्यांना होता. नव्वदीपर्यंत खोकले. आम्हांला पुरून उरले."

हे बोलताना तिची नजर सिलिंडरवर गेली आणि तिथून घाईने उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, जिथे एमिली पिठाचे हात घेऊन उभी होती. फर्डिनंडला ती नजर दिसली, पण तिच्याकडे लक्ष द्यावे असे त्याला वाटले नाही. बायका अशाच बघतात, तो मनाशी म्हणाला.

दुपार उतरू लागली तशी पुतळाबाई पडवीत येऊन टेकली. खाडीकडच्या शेतकऱ्यांतली ती म्हातारी. रोज भाजीची पाटी घेऊन आळीत फिरे. देव तिचा निराळा. पण या रविवारी पाटी एमिलीच्या पडवीत उतरवायची, ढोल ऐकायचा, बाळाच्या पायाला बोट लावायचे आणि करंजी खाऊन घरी जायचे, हा तिचा कितीतरी वर्षांचा शिरस्ता.

"बाला कवा येनार गो?"

"आमच्याकडे नाही येणार यंदा," एमिली म्हणाली.

"का? देवाशी भांडन झाला का काय?"

"यांना आवाज सहन होत नाही."

पुतळाबाईने दारातून आत डोकावून पलंगावरच्या फर्डिनंडला निरखून पाहिले. "का रं भाऊ, ढोलाचा तरास व्हतो? आनि तो पंप इतका बोंबलतो सकालपासून, त्याचा नाय होत?"

"होतो ना. पण पंपाला बोलावलंच नव्हतं कुणी."

"मंग मी हितं बसून काय करू? तुज्या त्या नलकांड्याच्या पाया पडू?" तिने पाटी उचलली. "जाते रिटाच्या पडवीत. तिची करंजी दगड असते, पन ढोल तरी आयकायला मिलंल."

फर्डिनंडला हसू आले, कितीतरी दिवसांनी खरोखरचे. आणि त्या हसण्याचा लगेच खोकला झाला. एमिलीने येऊन त्याची पाठ धरली. खोकला थांबेपर्यंत ती भिंतीकडे बघत होती.

ढोल आधी फार लांब, विहिरीच्या पलीकडच्या घरांत वाजला. फर्डिनंडने पुस्तक उघडले. एकेका घराने आवाज जवळ येत गेला. प्रत्येक वेळी तोच क्रम: ढोल, गाणे, मग हसणे, भांड्यांचा आवाज, कुत्र्याचे भुंकणे, आणि पुन्हा ढोल. गिटारची एक तार उतरली होती आणि वाजवणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. मुली वरच्या सुरात गेल्या की मुलगे खालीच राहत होते. मूर्ख, फर्डिनंड म्हणाला. इतक्या वर्षांत एक गाणे धड बसवता येत नाही. त्याने पुस्तकाचे पान उलटले आणि उलटलेले पान न वाचताच पुन्हा मागे केले.

आता ते रिटामावशीकडे होते. पुतळाबाईचा मोठ्ठा आवाज ऐकू आला, त्यावर सगळे हसले. एक गाणे संपले. मावशीच्या आग्रहाखातर दुसरेही झाले. मग मंडळी बाहेर पडली, ढोल वाजत मावशीच्या कुंपणापर्यंत आला.

आणि थांबला.

फर्डिनंडला आधी वाटले, आग्नेल पट्टा नीट करीत असेल. मग चपलांचा आवाज आला. पुष्कळ चपलांचा, पण अगदी हलका, जणू प्रत्येकाने आपले वजन वर उचलून धरले होते. कुणी तरी शिंकले आणि कुणी तरी "शू" केले. गिटारची सैल तार कुणाच्या तरी बोटाला लागून एकदाच कण्हली आणि लगेच तळव्याखाली दाबली गेली. ती शांतता त्याच्या खिडकीसमोरून, त्याच्या पडवीसमोरून, जास्वंदीच्या कुंपणाला घासत पुढे गेली. मग पुढच्या घराच्या हद्दीत पाय पडताच ढोल पुन्हा वाजू लागला.

हे काय आहे, हे त्याला ठाऊक होते. गावची ती जुनी रीत होती. ज्या घरात मयत असेल, किंवा माणूस अखेरच्या घटकेला टेकला असेल, त्या घरासमोर फेरीतला ढोल वाजत नाही. तरुणपणी तोही असाच एका घरासमोरून, पायातल्या चपला हातात घेऊन गेला होता. त्या घराची एक खिडकी उघडी होती. तिच्या आत कोण पडून आहे, तो ऐकत असेल का, असे काही त्याच्या मनात आले नव्हते. पुढच्या घरी करंज्या खोबऱ्याच्या असतील की रव्याच्या, एवढेच आले होते.

दम्याच्या माणसाच्या घरासमोर गावात कुणी ढोल थांबवत नाही.

फर्डिनंडने नाकातली नळी काढून उशीवर टाकली आणि तो उठला. पलंगापासून पडवीच्या दारापर्यंतची जागा त्याला ओलांडवेना. मधे खुर्चीची पाठ धरून तो उभा राहिला. छाती भात्यासारखी हलत होती आणि आत काही येत नव्हते. दाराशी पोचल्यावर त्याने हाक मारली. हाक झालीच नाही. ओठ हलले, जसे पूर्वी फेरीत मागे राहून हलत असत. त्याने मागे पाहिले. सिलिंडरची चावी, तो जड लोखंडी पाना, दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेला होता. त्याने तो काढला आणि पडवीच्या लोखंडी जाळीवर आपटला. एकदा, पुन्हा, मग थांबेनाच. सगळी आळी त्या घणघणाटाने भरून गेली. एमिली धावत आली. तिने त्याचा हात धरला नाही. ती त्याच्या मागे, तो पडलाच तर अंगावर पडेल अशी, उभी राहिली.

ढोल थांबला. कुंपणापाशी आधी आग्नेलचे टक्कल दिसले.

"काय रे फर्डी? लोहारकाम काढलंस का?"

फर्डिनंडला बोलायला वेळ लागला. "पुढे... गेलात."

"तूच निरोप धाडलास."

"गाऊ नका म्हटलं होतं. मला पुरा, असं नव्हतं म्हटलं."

मागच्या मुली खाली बघू लागल्या. आग्नेल मात्र तसाच उभा राहिला. तो रिक्षा चालवत असे. माणसांच्या रागाची त्याला सवय होती. "वाजवत गेलो असतो तर म्हनला असतास, माज आलाय. तू लहानपनापासून असाच. खेळायला बोलावलं की नाय म्हनायचं आनि मग कुंपनावर बसून रडायचं. चल, आता बस तरी. उभ्यानं मरशील."

शेवटचा शब्द निसटून गेल्यावर त्याने जीभ चावली. फर्डिनंडला त्या माणसाविषयी, आयुष्यात पहिल्यांदाच, काही तरी तुच्छतेपलीकडचे वाटले.

त्याला पडवीतल्या बाकावर बसवले. एमिलीने सिलिंडर दाराशी ओढून आणला, नळी पुन्हा नाकाशी लावली. मंडळी कोंडाळे करून उभी राहिली. त्यांत शाळेतून गेलेली काही मुले होती, 'सर' म्हणून कुजबुजत होती. रिटामावशीही मागोमाग आली होती, पुतळाबाई तिच्या मागे. गाणे सुरू करावे की नाही ते कुणाला कळेना. तेव्हा रिटामावशीने हात जोडले.

"हे प्रभू, तुझ्या या लेकराचा दमा..."

"मावशी," फर्डिनंड म्हणाला, "नको."

"अरे, प्रार्थना..."

"बाळ द्या इकडे."

आग्नेलने पाळणा खाली ठेवला आणि बाळाला दोन्ही हातांनी उचलून त्याच्या ओंजळीत दिले. ते आतून पोकळ होते. प्रयोगशाळेतल्या लहान चंचुपात्राहूनही हलके. इतक्या ओठांनी नाकाच्या शेंड्यावरचा रंग खाऊन टाकला होता आणि खालचे पांढरे प्लास्टर दिसत होते. डोळे कारागिराने वाकडे रंगवले होते. हसण्यासारखे सगळे होते. फर्डिनंडने हसू येण्याची वाट पाहिली.

आले नाही. त्याच्या मनात आले ते अगदी साधे होते. देवाला यायचेच होते, तर तो गडगडाट होऊन येऊ शकला असता, उजेड होऊन येऊ शकला असता. हा आला तो फुप्फुसे घेऊन. त्या गोठ्यात त्याने पहिली गोष्ट केली असेल ती हवा आत ओढण्याची. ती छातीत टोचली असेल, म्हणून तो रडला असेल. आणि दुसऱ्या टोकाला, क्रुसावर, शेवटची गोष्ट केली तीही हीच: एकेक श्वास झगडून आत घेतला, आणि मग त्याला तो घेता आला नाही. वरून बघणारा, मोठा, असा जो कोणी त्याला सगळे सांगत आले होते, त्याच्याशी फर्डिनंडचे काही देणेघेणे नव्हते. पण हा या अरुंद जागेत राहून गेला होता. इथली हवा याच्या ओळखीची होती. जिथे तो स्वतः निघाला होता तिथेही हा आधी जाऊन आला होता, आणि म्हणे तिथेच राहिला नव्हता.

त्याने त्या खरवडलेल्या नाकाला ओठ लावले. प्लास्टर गार होते.

"आग्नेल," तो म्हणाला, "फादरना सांग. तेल घेऊन या म्हणावं. नाताळच्या आधी."

फादर अखेरचे तेल लावायला कुणाच्या घरी जातात, ते तिथल्या लहानांनाही माहीत होते. फक्त पुतळाबाईने हळूच विचारले, "कसला त्याल? रिटानं दिला ना सकाली?" आणि रिटामावशीने तिचा दंड धरून तिला गप्प केले. मावशीचे डोळे भरले होते.

"सांगतो," आग्नेल म्हणाला.

फर्डिनंड एमिलीकडे वळला. ती करंज्यांचे ताट धरून दारात उभी होती. इतके दिवस जे तिच्यापासून जपून ठेवले ते आता तिच्या पुढ्यात टाकायचे, या विचाराने त्याचा धीर सुटू लागला. "एमिली," तो म्हणाला, "हा दमा नाही."

एमिलीने ताट खाली ठेवले. वाकून त्याच्या ओंजळीतले बाळ घेतले, त्याचे चुंबन घेतले आणि पुतळाबाईच्या हातात दिले.

"गाणं होऊ द्या आधी," ती म्हणाली. "पोरं कधीची उभी आहेत."

ढोलावर थाप पडली. जवळून तो आवाज फार मोठा होता. बाक थरथरला, छातीतही काही तरी थरथरले. गिटारची तार उतरलेलीच होती. मुली वर गेल्या आणि मुलगे खाली राहिले. एमिली गात होती. तिचा चेहरा त्याने नीट पाहिला: त्यावर धक्का नव्हता, आश्चर्य नव्हते, रोज मिस्सेहून येताना जो असे तोच चेहरा होता, आणि गाण्यातला एकही शब्द ती चुकत नव्हती.

पावसाळ्यातल्या त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीला अर्धेच दार होते, वर आणि खाली मोकळे. आणि एमिली त्या दाराला लागूनच बसली होती.